सेल्फचा लहरीपणा आणि हरवलेले दोन व्होल्ट

सकाळी एका चावीत सुरू झालेली गाडी दुपारी नुसतं ‘टक’ करून गप्प बसते. पुन्हा चावी फिरवली की जणू काही झालंच नाही अशा थाटात सुरू होते. सेल्फ, म्हणजे इंजिन सुरू करणारी मोटर, एकदाचा पूर्ण बंद पडला असता तर परवडलं असतं, कारण कायमचा बिघाड लगेच सापडतो. अधूनमधून येणारा बिघाड मात्र तपासायला घेतला की हटकून दडी मारतो. शेवटी कंटाळून नवा सेल्फ बसवला जातो, आणि बऱ्याचदा ‘टक’ तशीच राहते. कारण दोष मोटरमध्ये नसून तिच्यापर्यंत वीज नेणाऱ्या वाटेत असतो.

या वाटेवरून जाणारा प्रवाह गाडीतल्या इतर कुठल्याही उपकरणापेक्षा कितीतरी मोठा असतो. हेडलाइटचा साधा बल्ब पाचेक अँपिअर घेतो. कारचं पेट्रोल इंजिन मिनिटाला दोनशेच्या आसपास फेऱ्यांनी फिरवताना सेल्फ 150 ते 200 अँपिअर ओढतो, डिझेलला त्याहून जास्त लागतात. आता एखादा लग (केबलच्या टोकाची धातूची कडी) किंचित सैल आहे, किंवा टर्मिनलखाली पांढरट थर साचलाय, आणि तिथे फक्त 0.01 ओहम रोध तयार झालाय असं धरू. ओहमच्या नियमानं 200 गुणिले 0.01 म्हणजे 2 व्होल्ट त्या सांध्यातच खर्च होतात आणि 400 वॉट उष्णता तिथेच निघते. सेल्फ मारल्यावर एखादा लग हाताला गरम लागतो तो यामुळेच.

गंमत अशी, की साध्या मल्टिमीटरला 0.01 ओहम मोजताच येत नाही. गाडी बंद असताना व्होल्टेज पाहिलं तर सेल्फच्या बोल्टवरही बॅटरीइतकेच 12.6 व्होल्ट दिसतात, कारण प्रवाह नसेल तर सांध्यात काहीच हरवत नाही. म्हणून मोजायचं ते सेल्फ फिरत असताना. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, आणि इंजिन सुरू होऊ नये म्हणून इंधन पंपाचा फ्यूज काढलेला. मीटरची एक पिन बॅटरीच्या धन खांबावर टेकवायची (खांबावरच, त्याला आवळलेल्या क्लॅम्पवर नाही), दुसरी सेल्फच्या मोठ्या बोल्टवर. सेल्फ मारताना अर्ध्या व्होल्टहून जास्त आकडा आला, तर तेवढा दाब वाटेत गळतोय. तसंच बॅटरीचा ऋण खांब आणि सेल्फची बॉडी यांच्यामध्ये मोजायचं, इथे 0.2-0.3 व्होल्टपुढे गेलं तर अर्थिंग खराब. ही दुसरी मोजणी फार थोडे जण करतात, आणि दोष अनेकदा तिथेच असतो. खुद्द बॅटरीच्या दोन खांबांमध्ये सेल्फ मारताना 9.6 व्होल्टहून कमी दिसले, तर मात्र आधी बॅटरी चार्ज करून तपासून घ्यावी.

आवाजही बरंच सांगतो. ‘टकटकटकटक’ असा सलग आवाज बहुधा कमजोर बॅटरीचा किंवा सैल टर्मिनलचा असतो. सेल्फवरच्या सोलेनॉइडमध्ये, म्हणजे विजेच्या चुंबकानं चालणाऱ्या स्विचमध्ये, दोन कॉइल असतात: एक प्लंजर (आतला सरकणारा दांडा) जोरात ओढणारी, दुसरी तो धरून ठेवणारी. प्लंजर आत गेला की पिनियन (सेल्फचं छोटं दातेरी चाक) फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनच्या जड चाकाच्या, दात्यांत अडकतो आणि मुख्य कॉन्टॅक्ट जुळतात. त्या क्षणी ओढणाऱ्या कॉइलच्या दोन्ही टोकांना सारखंच व्होल्टेज येतं आणि तिचं काम थांबतं. पुढची भिस्त धरणाऱ्या कॉइलवर. पण बॅटरी लेचीपेची असेल तर मोटरनं प्रवाह ओढताच व्होल्टेज कोसळतं आणि धरणारी कॉइलही प्लंजर सोडून देते. मोटर सुटली, व्होल्टेज सावरलं, प्लंजर पुन्हा आत! हे चक्र सेकंदाला अनेकदा चालतं.

एकच ‘टक’ आणि पुढे शांतता असेल तर हेडलाइट लावून चावी फिरवावी. दिवे एकदम मंदावले तर बॅटरी उतरलेली आहे, तिचा सांधा सैल आहे, नाहीतर मोटर जाम आहे. दिवे जसेच्या तसे राहिले तर मोटरपर्यंत प्रवाह पोचतच नाहीये: जळलेले कॉन्टॅक्ट किंवा झिजलेले कार्बन (मोटरच्या फिरत्या भागाला वीज देणारे ब्रश). कॉन्टॅक्ट म्हणजे तांब्याची जाड चकती, दोन बोल्टांच्या डोक्यांवर आपटणारी. दर वेळी ठिणगी पडते आणि तांबं खड्ड्याखड्ड्यांनी जळतं. बऱ्याच सेल्फमध्ये ही चकती दांड्यावर मोकळी फिरते. चांगला भाग समोर आला तर गाडी सुरू, जळका आला तर ‘टक’. सगळ्या लहरीपणाचं मूळ कधी कधी एवढंच असतं. सेल्फला हलकेच ठोकल्यावर गाडी सुरू होते, तेव्हा अडकलेला कार्बन किंवा ही चकती जरा सरकलेली असते. घरी पोचण्यापुरता तो उपाय ठीक, दुरुस्ती नव्हे.

फक्त इंजिन तापल्यावरच त्रास होत असेल तर तांब्याचा स्वभाव आठवावा. तापमान 25 वरून 100 अंशांवर गेलं की तांब्याचा रोध जवळपास 30 टक्के वाढतो. त्यामुळे सोलेनॉइडची ओढ घटते, आणि इंजिन थंड असताना जेमतेम चालून गेलेला खराब सांधा आता नडतो.

सेल्फ उतरवायचाच तर बॅटरीची ऋण केबल आधी काढावी, नाहीतर पान्यानं शॉर्ट होण्याची भीती. आत कार्बन, बुश (दांडा ज्यांत फिरतो ती नळकांडी) आणि कम्युटेटर (कार्बन ज्यावर घासतात तो तांब्याचा भाग) पाहावेत. बुश झिजले की आर्मेचर, म्हणजे मोटरचा फिरता भाग, आतल्या स्थिर चुंबकी पोलना घासतं. चकचकीत घासलेले पट्टे ते लगेच दाखवतात. बेंडिक्स (पिनियन आणि त्याचा एकेरी क्लच असलेला भाग) पेट्रोलमध्ये बुडवून धुण्याची सवय वाईट, त्यामुळे आतलं कायमचं ग्रीस निघून जातं. मोटर ‘घुंई’ करून मोकळी फिरते पण इंजिन हलत नाही, तेव्हा दोष त्याच बेंडिक्सच्या एकेरी क्लचचा.

खरखर येत असेल तर रिंग गियरचे (फ्लायव्हीलभोवतीच्या दातेरी कड्याचे) दाते पूर्ण फेरा फिरवून बघावेत. चार सिलिंडरचं इंजिन बहुतेक वेळा ठरावीक दोन जागांपैकी एका ठिकाणी थांबतं, त्यामुळे दाते तिथेच झिजतात आणि बाकीची रिंग नव्यासारखी दिसते. ती न बदलता नवा सेल्फ बसवला, तर त्याचा पिनियनही लवकरच त्याच वाटेनं जातो.