ह्यू ब्रॉटन : हिब्रूचा पंडित, समितीबाहेर

१६११ साली इंग्लंडमध्ये किंग जेम्स बायबल, म्हणजे राजा जेम्सच्या आदेशाने झालेलं बायबलचं इंग्रजी भाषांतर, छापून झालं आणि अभिप्रायासाठी ह्यू ब्रॉटनकडे गेलं. उत्तर आलं ते असं : हे भाषांतर माझ्या संमतीने गरीब बिचाऱ्या चर्चवर लादण्यापेक्षा रानघोड्यांकडून माझ्या चिंध्या झालेल्या बऱ्या, असं राजेसाहेबांना सांगा! हा नुसता त्रागा नव्हता. त्यामागे बरीच वर्षं साचलेलं दुखणं होतं.

ब्रॉटनचा जन्म १५४९ चा, श्रॉपशरमधला. केंब्रिजला हिब्रू शिकला आणि तिच्यात पार बुडाला. आदमपासून ख्रिस्तापर्यंतची बायबलमधली कालगणना कुठेही चुकत नाही, हे त्याचं वेड. १५८८ मध्ये त्यावर पुस्तक काढून त्याने ते राणी एलिझाबेथला अर्पण केलं. ऑक्सफर्डच्या जॉन रेनॉल्ड्सने आणि केंब्रिजच्या एडवर्ड लाइव्हलीने आक्षेप घेतले. झालं, वाद पेटला. ब्रॉटनच्या जिभेला हाड नव्हतं. बिशप असो की प्राध्यापक, भीडभाड कुणाचीच नाही. पुढे जर्मनी, हॉलंड अशी भटकंती. फ्रँकफर्टच्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, तर त्याने एका रब्बीशी, ज्यू धर्मगुरूशीच वाद घातला.

जुन्या कराराचं, म्हणजे बायबलच्या मूळ हिब्रूतल्या पहिल्या भागाचं, नवं भाषांतर व्हावं आणि ते मोजक्या जाणकारांनी करावं, हा धोशा त्याने १५९० च्या दशकातच लावला होता; बर्लीसारख्या मंत्र्याला तशी पत्रंही लिहिली. १६०४ मध्ये राजा जेम्सने हॅम्प्टन कोर्टच्या राजवाड्यात बोलावलेल्या धर्मविषयक बैठकीत नव्या भाषांतराची मागणी मान्य झाली. ती मांडली कोणी? रेनॉल्ड्सने! सुमारे ४७ भाषांतरकार काम करू लागले. त्यांत रेनॉल्ड्स होता, लाइव्हली होता. ब्रॉटन नव्हता. त्याच्या हिब्रूबद्दल शंका नव्हती. पण या माणसाबरोबर एका टेबलाशी बसायचं कोणी? माझ्या मते त्याला वगळणाऱ्यांचं फारसं चुकलं नाही. बेन जॉन्सनने १६१० च्या 'द अल्केमिस्ट' नाटकात त्याची टर उडवली, वेडाचं सोंग घेतलेल्या बाईच्या तोंडी त्याच्या पुस्तकातली वाक्यं घालून. म्हणजे त्याचा विक्षिप्तपणा लंडनच्या प्रेक्षकांना ठाऊक होता.

गंमत पुढेच आहे. नव्या बायबलच्या सुरुवातीला वंशावळींचे तक्ते बांधले गेले. ते नकाशाकार जॉन स्पीडच्या नावावर होते. त्यांमागची विद्या बरीचशी ब्रॉटनची. १६१२ मध्ये ब्रॉटन वारला. पुढे १६६२ मध्ये त्याचं लेखन एकत्र करून छापलं गेलं, ते जॉन लाइटफूट या दुसऱ्या हिब्रू पंडिताच्या देखरेखीखाली.