दोन डिस्कचा नॅस घेतला म्हणजे बॅकअप झाला?

"दोन डिस्कचा नॅस घ्या, प्रत्येक फोटो दोन्हीकडं राहतोय, मग वेगळा बॅकअप कशाला" हा मेसेज आपल्या बेळगावच्या ग्रुपांवर कधीपासनं फिरतोय. नॅस म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडलेला, फायली साठवायचा डिस्कचा डबा. मेसेज मलाही पटलेला, कारण अर्धा खरा आहे.

मेसेजमधली दोन डिस्कची जोडी म्हणजे रेड १ ही पद्धत, तिच्यात दोन्ही डिस्कवर तेच लिहिलं जातं, एक बिघडली तरी दुसरीवर काम चालतं. पण तेच म्हणजे सगळंच तेच, चुकून लग्नाचा फोल्डर डिलीट झाला की त्याच क्षणी दोन्हीकडनं जातो, व्हायरसनं फायली लॉक केल्या तरी तसंच. शिवाय डबा एकच, वळवाच्या पावसात लाईट जाऊन एकदम जोरात आली तर दोन्ही डिस्क एकत्र जाऊ शकतात.

बघायचं असेल तर एक फालतू फाईल टाका, रिसायकल बिन नि स्नॅपशॉट (फायलींची आधीची स्थिती जपून ठेवायची सोय) बंद असताना डिलीट करा, मग दुसऱ्या डिस्कवर शोधा. नाही मिळायची.

बजेट कमी असेल तर मी म्हणेन एकाच डिस्कचा नॅस घ्या, उरलेल्या पैशात यूएसबी डिस्क. महिन्यातनं एकदा कॉपी मारायची, एखादी फाईल उघडून बघायची, नि डिस्क काढून टिळकवाडीतनं शहापूरला बहिणीकडं नेऊन ठेवायची.