कोस्ट गार्डचं ट्रेनिंग आणि विट्याचं सोनं

विटा, खानापूर, आटपाडीकडची पोरं हल्ली कोस्ट गार्डच्या भरतीसाठी पहाटे पळताना दिसतात आणि घरचे विचारतात, नेव्ही असताना हे वेगळं खातं कशाला काढलं? तर ते निघालं सोन्यापायी, आणि सोन्याचं आमच्या गलाईवाल्यांना, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करणाऱ्यांना, काय वेगळं सांगायचं.

1963 ला मोरारजी देसाईंनी सुवर्ण नियंत्रण आणलं, 14 कॅरेटच्या वरचा दागिना घडवायचा नाही म्हणून, मग 1968 ला कायदाच झाला. लोकांची हौस काय त्यानं कमी होते व्हय! बाहेर स्वस्त आणि इथं महाग म्हटल्यावर दुबईकडनं लाँचा सुटायला लागल्या, रात्री किनाऱ्याला बिस्किटं उतरायची आणि जाताना चांदी भरून जायची. कस्टम्सकडं भर समुद्रात पाठलाग करायची साधनं नव्हती, आणि नेव्हीनं लढाईची तयारी सोडून हे करत बसायचं का हा प्रश्न होताच. 1974 ला ह्यावर उपाय सुचवायला रुस्तमजी समिती बसली, तिच्या अहवालावरनं 1 फेब्रुवारी 1977 ला कोस्ट गार्ड सुरू झालं, नेव्हीनं दिलेल्या 2 जुन्या फ्रिगेट आणि 5 गस्ती बोटींवर. कायदा 1978 ला झाला.

अधिकारीही सुरुवातीला नेव्हीचेच. आणि खरी गंमत इथंच आहे, म्हणजे नेव्हीवाल्याला शिकवलेलं असतं समोरचं जहाज बुडवायचं, इथं ते न बुडवता थांबवायचं, वर चढायचं, कागद बघायचे, माल हुडकायचा आणि पंचनामा असा करायचा की वकिलानं कोर्टात फाडता कामा नये. निम्मं काम सैनिकाचं, निम्मं फौजदाराचं. आजपण कोस्ट गार्डचे अधिकारी केरळात एझिमलाला नेव्हीच्याच अकादमीत शिकतात आणि नाविक ओडिशात चिल्काला.

1993 च्या मुंबई बॉम्बस्फोटांआधी रायगडच्या किनाऱ्यावर शेखाडी आणि दिघीला जे उतरलं ते नुसतं सोनं-चांदी नव्हतं, आरडीएक्स आणि शस्त्रं होती, पण वाट तीच जुनी स्मगलिंगची. त्या खटल्यात कस्टम्सचे काही अधिकारीही दोषी ठरले. आता ह्याला कुठलं ट्रेनिंग पुरणार सांगा. 26/11 नंतर सागरी पोलिसांकडं लक्ष गेलं आणि पुढं गुजरातेत ओख्याला त्यांची अकादमी निघाली.

चाचेगिरीचं प्रकरण मात्र नीट बघण्यासारखं आहे. ऑक्टोबर 1999 ला अलोन्द्रा रेनबो हे जपानी मालकीचं जहाज इंडोनेशियातनं निघाल्या निघाल्या चाच्यांनी पळवलं, आत जवळपास 7000 टन अ‍ॅल्युमिनियम, 17 खलाशांना लाइफराफ्टमध्ये सोडून दिलं (ते वाचले, नशीब), जहाजाचं नाव बदलून मेगा रामा केलं. नोव्हेंबरमध्ये ते अरबी समुद्रात दिसलं, कोस्ट गार्डच्या ताराबाई जहाजानं पाठलाग धरला, गोळ्या झाडल्या तरी थांबेना, मग नेव्हीचं प्रहार आलं आणि 15 चाचे धरले. ताराबाई म्हणजे आपल्या महाराणी ताराबाईच, माहुलीला ज्यांची समाधी आहे त्या. जगभर कौतुक झालं. 2003 ला मुंबईच्या कोर्टानं 7 वर्षांची शिक्षा दिली आणि 2005 ला हायकोर्टानं सगळ्यांना सोडलं, कारण आपल्याकडं चाचेगिरीचा वेगळा कायदाच नव्हता. पोरांनी जीव धोक्यात घालून पकडायचं आणि वर कलमच नाही, ह्याला काय म्हणायचं.

2008 पासून नेव्ही सोमाली चाच्यांसाठी एडनच्या आखातात गस्त घालते तरी चाचेगिरीविरोधी कायदा संसदेत मंजूर व्हायला डिसेंबर 2022 उजाडला, त्यात जन्मठेप आहे, फाशीपण आहे. मार्च 2024 ला कोलकाता युद्धनौकेनं सोमाली चाच्यांनी पळवलेलं रुएन जहाज गाठलं, नेव्हीचे मार्कोस कमांडो विमानातनं समुद्रात उतरवले, सुमारे 40 तासांच्या कारवाईनंतर 35 चाचे शरण आले, 17 खलाशी सुखरूप सुटले. चाच्यांना मुंबईत आणून पोलिसांच्या ताब्यात दिलं, आणि ह्यावेळी लावायला नवा कायदा हातात होता.