तीन दिवसांची गॅप म्हणजे ७२ तास नव्हेत

मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवरची फुटबॉलची मॅच संपवून स्कूटरींच्या गर्दीत अडकलं, की हा वाद हमखास कानावर पडतो. (वाद अर्थातच कोकणीत चालतो, इथे मराठीत आणलाय.) एकजण म्हणतो, ‘‘पोरं दमलीत रे, टीव्हीवाल्यांनी पार पिळून काढलं.’’ दुसरा लगेच बोटं मोजतो, ‘‘रविवारी खेळले, आज गुरुवार. मध्ये तीन अख्खे दिवस होते, तेव्हा काय नांगर धरला होता?’’ आपण एकाच गोष्टीवर भांडतोय अशी दोघांचीही समजूत असते. खरं तर दुसरा बोलतोय गॅपबद्दल आणि पहिला रिकव्हरीबद्दल.

गॅप कॅलेंडरवर दिसते. दोन सामन्यांच्या तारखा घ्या, वजाबाकी करा, झालं. रिकव्हरी म्हणजे त्या दिवसांत शरीर प्रत्यक्षात किती भरून निघालं ते. नव्वद मिनिटं पळून मांड्यांतला ग्लायकोजेनचा, म्हणजे स्नायूंच्या इंधनाचा, साठा रिकामा होतो, तो पुन्हा भरायला दोन ते तीन दिवस लागतात. स्नायूंतली बारीक इजा, पाण्याची तूट, उडालेली झोप, हे सगळं आपापल्या वेगाने सावरतं. आणि त्यातलं काहीही प्रवासात बसल्या बसल्या होत नाही.

तो रविवार-गुरुवारचा हिशेबच करून बघू. समजा रविवारी संध्याकाळी साडेसातला गुवाहाटीत सामना आहे आणि गुरुवारी पाचला फातोर्ड्यात. रविवारचा सामना संपेपर्यंत साडेनऊ वाजतात. तिथून गुरुवारी पाचपर्यंत साधारण साडेएक्याण्णव तास. कागदावर उत्तम! पण रात्रीच्या सामन्यानंतर अंगातली धग उतरायला वेळ लागतो, दोन-तीनच्या आधी फारसं कुणी झोपत नाही. सोमवार जातो विमान बदलण्यात, मग दाबोळी किंवा मोपा विमानतळावरून बसमध्ये. बुधवारी पुढच्या सामन्याची तयारी. म्हणजे खरी रिकव्हरी मंगळवारी, एकच दिवस. त्यात गुरुवारचा सामना साडेसातऐवजी पाचला ठेवल्याने अडीच तास कापले गेले आणि गॅप मात्र कॅलेंडरवर तेवढीच राहिली. टीव्हीच्या पैशाचं काम बहुतेकदा इथे चालतं. तो तारखेला फारसा हात लावत नाही, घड्याळाला लावतो.

का लावतो, तेही साधं आहे. चौदा संघांच्या लीगमध्ये एका फेरीत सात सामने. सगळे शनिवारी एकाच वेळी लावले तर प्रेक्षक सात ठिकाणी वाटले जातात आणि जाहिरातीचा दर पडतो. म्हणून फेरी चार-पाच संध्याकाळींवर पसरवायची. मग एका संघाला आठवडाभर मिळतो आणि त्याच्यासमोर उभा राहणारा दुसरा चार दिवसांत परत मैदानात. याच पैशातून क्लबांचे पगार निघतात, हेही खोटं नाही. इंग्लंडच्या प्रीमियर लीगने २०२५ ते २०२९ या चार हंगामांचे देशांतर्गत हक्क ६.७ अब्ज पौंडांना विकले. एवढी रक्कम मोजणारा वेळ स्वतःच्या सोयीने मागणारच.

घड्याळाने कसा घोळ होतो याचं माझं आवडतं उदाहरण माद्रिदचं. १२ मार्च २०२५, बुधवार. रिअल माद्रिद रात्री नऊला शहरातल्याच अ‍ॅटलेटिको क्लबच्या मैदानावर चॅम्पियन्स लीग ही युरोपची स्पर्धा खेळायला उतरली, सामना जादा वेळेत आणि मग पेनल्टीत गेला. शनिवारी संध्याकाळी साडेसहाला व्हिलारेआलशी स्पॅनिश लीगचा सामना. बुधवार ते शनिवार, तीन दिवस. पण पहिला संपला जवळपास मध्यरात्री, म्हणजे हातात सदुसष्ट तासही नाहीत. प्रशिक्षक आन्चेलोत्तींनी जाहीर केलं, ७२ तासांपेक्षा कमी विश्रांतीवर यापुढे खेळणार नाही. सामना त्यांनी २-१ असा जिंकला, हा भाग वेगळा. त्याच वर्षी जुलैमध्ये फिफा या जागतिक फुटबॉल संघटनेनेही दोन सामन्यांत किमान ७२ तास आणि दोन हंगामांत किमान २१ दिवस हवेत, असं म्हटलं.

मग ७२ तास पाळले की मिटलं? इथे एक जुना अभ्यास आठवतो, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला. आठवड्याला एक सामना खेळणारे आणि दोन खेळणारे यांची तुलना होती. पळण्याच्या आकड्यांत फरक जवळपास नव्हता. दुखापती मात्र दर हजार तासांमागे ४.१ वरून २५.६ वर गेल्या, सहापट! ७२ ते ९६ तास पळायला पुरतात, दुखापत टाळायला पुरत नाहीत. ‘‘पळतोय की तो, दमला कुठे?’’ या युक्तिवादाची हवा इथेच जाते.

उलट बाजूही गोव्यानेच पाहिली. २०२०-२१ मध्ये करोनामुळे अख्खी आयएसएल (इंडियन सुपर लीग), ११५ सामने, फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोचं टिळक मैदान या तीनच जागी झाली. विमान नाही, बदलता मुक्काम नाही, हॉटेलातून निघालं की बस मैदानावर. गॅप कमी असली तरी तिच्यातला बराचसा भाग विश्रांतीच्या वाट्याला यायचा. (महिनोन् महिने हॉटेलात कोंडल्याचा मनाला आलेला शीण कुठल्या तक्त्यात मांडायचा, देव जाणे.)

लगेच एप्रिल २०२१ मध्ये एफसी गोवा एएफसी चॅम्पियन्स लीगच्या, म्हणजे आशियातल्या क्लबांच्या स्पर्धेच्या, गटात खेळली, असा मान मिळवणारा पहिला भारतीय क्लब. १४, १७, २०, २३, २६, २९ तारखेला सामने, सोळा दिवसांत सहा, सगळे फातोर्ड्यात. काही रात्री साडेदहाला सुरू झाले, तेव्हा कतारमध्ये आठ वाजलेले असतात. २० तारखेला इराणच्या पर्सेपोलिसकडून १-२ हार, २३ ला त्यांच्याकडूनच ०-४. याचं खापर थकव्यावर फोडायचा मोह होतो, पण पर्सेपोलिसलाही तेवढीच गॅप होती. समान गॅपमध्ये ज्याच्या बाकावर जास्त तयार खेळाडू, त्याची रिकव्हरी चांगली, कारण दमलेल्याला बसवता येतं.

टीव्हीला सरसकट शिव्या घालणंही मला पटत नाही. आय-लीग या दुसऱ्या राष्ट्रीय स्पर्धेत दुपारी दोनला सुरू होणारे सामने आठवतात का? त्या उन्हापुढे साडेसातची वेळ दयाळूच म्हणायची. झोप जाते, पण घामाची घागर रिकामी होत नाही.

आणि कॅमेरा नसला म्हणजे शरीराचं भलं होतं असंही नाही. भात कापून झालं की आमच्याकडे शेतात गोलपोस्ट उभे राहतात, गावोगावी स्पर्धा सुरू होतात. चांगला पोरगा शनिवारी क्लबकडून लीग खेळतो आणि रविवारी चारला गावच्या संघातून. गॅप एका रात्रीची. परवा अशाच एका सामन्यात आमचा विंगर साठाव्या मिनिटाला मांडी धरून खाली बसला. बाजूचे आजोबा म्हणाले, ‘‘कालच तर खेळला, मग आज पायात गोळा कसा?’’