चर्चमधली रविवारची उपासना (इंदूर)

ख्रिस्ती लोक दर रविवारी एकत्र जमून प्रार्थना करतात, गाणी म्हणतात, बायबल वाचतात, प्रवचन ऐकतात आणि बऱ्याच चर्चमध्ये त्यानंतर प्रभुभोजन (भाकर वाटण्याचा विधी) होतं, या सगळ्याला मिळून उपासना म्हणतात. ख्रिस्ती लोकांत कॅथलिक आणि प्रोटेस्टंट असे दोन मोठे पंथ, इंदुरात प्रोटेस्टंट लोकांच्या तोंडी आराधना किंवा सर्व्हिस हा शब्द असतो, कॅथलिक लोक मिस्सा म्हणतात. रविवारच का, तर येशू क्रूसावर मेल्यावर तिसऱ्या दिवशी पुन्हा उठला आणि तो रविवार होता अशी त्यांची श्रद्धा आहे.

आपल्या मराठी माणसाने पहिल्यांदा जाताना एक गोष्ट आधीच मनाशी ठेवावी, इथे दर्शन घेऊन निघायचं नसतं. खजराण्याच्या गणपतीला गेलो की रांगेत लागतो, हात जोडतो, प्रसाद घेतो आणि बाहेर येतो, आपल्या सोयीने. चर्चमधली उपासना एका वेळी सुरू होते, सगळे मिळून ती करतात आणि सगळे मिळूनच संपवतात, त्यामुळे ती देवदर्शनापेक्षा कीर्तनाच्या जास्त जवळची आहे. मध्येच उठून गेलं तर कोणी काही बोलणार नाही, पण मग जे बघायला आलो होतो तेच हातचं जातं.

शहरात चर्च बरीच आणि प्रत्येकाची पद्धत थोडी वेगळी. व्हाइट चर्च म्हणजे १८५८ सालचं सेंट अ‍ॅन्स चर्च, ते आज चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचं आहे, आणि ही संस्था २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा वेगवेगळ्या प्रोटेस्टंट मंडळ्या एकत्र येऊन झाली. लाल चर्च हे कॅथलिकांचं कॅथेड्रल, म्हणजे बिशपचं मुख्य चर्च. कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन (हाही एक प्रोटेस्टंट पंथ) मिशनचं कामही इथे जुनं, १८८७ चं ख्रिश्चन कॉलेज त्यांचंच. शिवाय पेंटेकॉस्टल मंडळ्या आहेत, तिथे ढोलक, गिटार, टाळ्या, मोठ्याने प्रार्थना, आणि दोन-अडीच तास सहज जातात. उपासना बहुतेक हिंदीत नाहीतर इंग्रजीत असते, वेळ गेटवरच्या बोर्डावर बघून घ्यावी. मराठी उपासना महाराष्ट्रात ऐकायला मिळते, तिथे ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) लिहिलेली भजनं अजून म्हणतात आणि ती ऐकताना आपल्याला अजिबात परकं वाटत नाही कारण चाल आणि छंद आपल्याच अभंगांचे.

कपडे साधे नीटनेटके, मोबाईल बंद, दहा मिनिटं आधी पोहोचावं. चपला काही ठिकाणी बाहेर काढतात, काही ठिकाणी नाही, दाराशी काय दिसतंय ते बघायचं. काही बायका डोक्यावर ओढणी किंवा पदर घेतात, पाहुण्यांना सक्ती नसते. बसायला मागून तिसरा-चौथा बाक सगळ्यात बरा, कारण कधी उठायचं आणि कधी बसायचं हे पुढच्यांकडे बघून कळतं. अगदी पुढे बसलं की काहीच कळत नाही.

जुन्या चर्चमध्ये भिंतीवर एक लाकडी फळा असतो, त्यात नुसते आकडे सरकवलेले. ते त्या दिवशीच्या गीतांचे नंबर, पुस्तक उघडून तो नंबर काढायचा आणि सोबत गायचं, कोणी शेजारचा बहुधा स्वतःचं पुस्तक आपल्याकडे सरकवतोच. गीत, पापकबुलीची प्रार्थना, मग बायबलमधले उतारे, शुभवर्तमान (बायबलमधला येशूच्या जीवनाचा भाग) वाचताना अनेक चर्चमध्ये सगळे उभे राहतात. त्यानंतर प्रवचन, आणि ते बहुतेक वेळा आत्ताच वाचलेल्या उताऱ्यावर असतं, म्हणून वाचन नीट ऐकलं असेल तर प्रवचन कळतं. मग दानाची थैली फिरते, पाहुण्याने टाकलंच पाहिजे असं नाही, पुढे दिली तरी चालतं. मिस्सामध्ये एका ठिकाणी सगळे आजूबाजूला वळून एकमेकांना शांती देतात, भारतात बहुतेक हात जोडून, तेव्हा आपणही जोडावे.

प्रभुभोजनाबद्दल मात्र नीट समजून घ्यायला हवं कारण चूक इथेच होते आणि चांगल्या मनाने होते. लोक रांगेने वेदीकडे (समोरच्या पवित्र मेजाकडे) जातात, त्यांना पातळ गोल भाकर मिळते (प्रोटेस्टंट चर्चमध्ये सोबत द्राक्षरसही), आणि आपल्याला वाटतं हा प्रसाद, प्रसादाला नाही कसं म्हणायचं, म्हणून आपण हात पुढे करतो. हा प्रसाद नाही. कॅथलिकांच्या श्रद्धेप्रमाणे ती भाकर खरोखर ख्रिस्ताचं शरीर झालेली असते, आणि बाप्तिस्मा (पाण्याने ख्रिस्ती होण्याचा विधी) झालेल्या, तयारी करून पहिलं प्रभुभोजन घेतलेल्या कॅथलिकांनाच ती देतात. प्रोटेस्टंटांमध्ये अर्थ वेगळा सांगतात पण तिथेही ते मंडळीतल्या लोकांसाठी असतं. त्या वेळी आपण शांत बसून राहायचं, शेजारच्यांना बाहेर पडता यावं म्हणून गुडघे बाजूला वळवायचे, बस. न जाण्यात कुठलाच अपमान नाही, ना आपला ना त्यांचा. कॅथलिक चर्चमध्ये भाकर-द्राक्षरसावरच्या मुख्य प्रार्थनेला सगळे बाकाखालच्या पाटीवर गुडघे टेकतात, तेव्हा आपण नुसतं बसलो तरी चालतं.

२५ डिसेंबरला चर्च बघायला सगळं शहर लोटतं, ते छानच, पण त्या गर्दीत उपासना काय असते ते कळत नाही. साधा रविवार गाठावा. गुड फ्रायडेला गेलात तर कॅथलिक चर्चमध्ये वेदी उघडी, वर कापडसुद्धा नाही, घंटा बंद, आणि त्या दिवशी मिस्सा होतच नाही.

आशीर्वाद झाला की उपासना संपते. पाळक (प्रोटेस्टंटांचे धर्मगुरू) किंवा फादर बरेचदा दारापाशी येऊन उभे राहतात, नवा चेहरा दिसला की कुठून आलात विचारतात. लोक एकमेकांना जय मसीह की म्हणतात, आपण नमस्कार म्हटलं तरी तेवढ्याच आपुलकीने उत्तर येतं.