क्लाउड डेटा वेअरहाउस: इथपर्यंत आपण आलो कसे

सध्या कुठल्याही कंपनीत डेटाचं नवीन काम निघालं की स्नोफ्लेक घ्यायचं, बिगक्वेरी घ्यायचं की रेडशिफ्ट (तिन्ही क्लाउड डेटा वेअरहाउस, म्हणजे भाड्याच्या मशीन्सवर चालणारे, रिपोर्टसाठीचे डेटाबेस) यावरच तासन् तास चर्चा चालते, फीचर्सचे तक्ते फिरतात, पण ही फीचर्स मुळात कशातून आली ते फारसं कोणी सांगत नाही. माझं म्हणणं असं की यातले बहुतेक फायदे एकाच गोष्टीतून निघालेत: डेटा ठेवायची जागा आणि त्यावर क्वेरी (डेटाला विचारलेला प्रश्न) चालवणारी मशीन्स एकमेकांपासून सुटी झाली. हे व्हायला तीसेक वर्षं लागली, म्हणून थोडं मागून सांगतो.

मूळ अडचण जुनीच. बँकेचा रोजचा व्यवहार ज्या डेटाबेसवर चालतो त्याचं काम एकेक एंट्री पटकन लिहायची, पटकन दाखवायची. त्यालाच भर दुपारी विचारलं की गेल्या पाच वर्षांत कुठल्या शाखेच्या ठेवी किती वाढल्या, तर तो लाखो ओळी चाळत बसणार आणि तिकडे काउंटरवर लाइन खोळंबणार. मग रात्री डेटा उचलायचा, साफ करायचा आणि रिपोर्टसाठी वेगळ्या डेटाबेसमध्ये टाकायचा ही पद्धत पडली. १९८८ मध्ये आयबीएमच्या बॅरी डेव्हलिन आणि पॉल मर्फी यांनी आयबीएम सिस्टिम्स जर्नलमध्ये याचा रीतसर आराखडा मांडला आणि त्याला बिझनेस डेटा वेअरहाउस म्हटलं. पुढे १९९२ मध्ये बिल इनमन यांचं पुस्तक आलं, १९९६ मध्ये राल्फ किंबॉल यांचं. इनमन म्हणायचे आधी अख्ख्या कंपनीचं एक मध्यवर्ती वेअरहाउस बांधा, किंबॉल म्हणायचे एकेक बिझनेस प्रोसेस घ्या, फॅक्ट (आकड्यांची) आणि डायमेन्शन (शाखा, तारीख अशा संदर्भांची) टेबलं करा, जोडत जा. आजही मॉडेलिंगच्या (टेबलं कशी रचायची ते ठरवायच्या) मीटिंगमध्ये हाच वाद होतो, फक्त नावं घेतली जात नाहीत.

हार्डवेअरच्या बाजूला टेराडेटा होती, १९७९ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेली. त्यांचं डीबीसी/१०१२ हे मशीन १९८४ मध्ये बाजारात आलं, त्या नावातला १०१२ म्हणजे १० चा १२ वा घात, एक टेराबाइट, त्या काळी ही केवढी मोठी झेप होती बघा. आयडिया अशी की टेबल तुकड्यांत वाटायचं, प्रत्येक प्रोसेसरला त्याची स्वतःची डिस्क, प्रत्येकाने आपल्या वाट्याचा हिशोब करायचा आणि शेवटी सगळं एकत्र. याला शेअर्ड नथिंग म्हणतात. तेव्हाची नेटवर्क्स हळू होती, त्यामुळे डेटा प्रोसेसरच्या शेजारी ठेवणं हेच शहाणपणाचं होतं.

पण त्यातच गोची होती. डिस्क आणि प्रोसेसर जोडीने येतात म्हटल्यावर डेटा वाढला की नुसती जागा घेता येत नाही, अख्खा नोड (डिस्क आणि प्रोसेसर मिळून एक मशीन) घ्यावा लागतो. महिनाअखेरीला फायनान्सचे सगळे रिपोर्ट एकदम धावणार म्हणून त्या दोन-तीन दिवसांच्या लोडवर मशीन घ्यायचं आणि उरलेला महिना ते अर्धं रिकामं. बजेटसुद्धा पुढच्या काही वर्षांचा अंदाज बांधून आधीच मंजूर करून घ्यायचं. साहजिकच हे बड्या बँका, टेलिकॉम आणि वॉलमार्टसारख्यांनाच परवडायचं.

दरम्यान डेटा लिहायची पद्धतही बदलत होती. ओळीऐवजी कॉलमप्रमाणे साठवलं तर शंभर कॉलमच्या टेबलातले तीनच वाचावे लागतात, शिवाय एका कॉलममधल्या व्हॅल्यू सारख्यासारख्या असल्याने कॉम्प्रेशन मस्त होतं. अ‍ॅमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय संस्थेतलं मोनेटडीबी आणि मायकेल स्टोनब्रेकर यांच्या टीमचा २००५ चा सी-स्टोअर पेपर, ही यातली महत्त्वाची कामं. हडूपचाही (डेटा अनेक मशीन्सवर वाटून हिशोब करणारं सॉफ्टवेअर) मोठा काळ येऊन गेला, पण रिपोर्ट काढणाऱ्या माणसाला शेवटी साधं एसक्यूएलच (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) हवं होतं.

मार्च २००६ मध्ये अ‍ॅमेझॉनचं एस३ आलं, म्हणजे क्लाउडवर फाइल्स ठेवायला स्वस्त आणि जवळजवळ न संपणारी जागा. गुगलमध्ये त्याच सुमाराला ड्रेमेल हे क्वेरी चालवणारं सॉफ्टवेअर आतल्या वापरासाठी चालू झालं होतं, २०१० मध्ये त्याचा पेपर आला आणि त्यावरच बिगक्वेरी उभं राहिलं. नोव्हेंबर २०१२ मध्ये अ‍ॅमेझॉनने रेडशिफ्ट जाहीर केलं, पॅरअ‍ॅक्सेल कंपनीच्या टेक्नॉलॉजीवर आधारलेलं, आणि लांब मुदतीचं बुकिंग केलं तर टेराबाइटला वर्षाला १००० डॉलरच्या आत. छोट्या कंपन्यांना वेअरहाउस परवडायला लागलं ते खरं इथून. पण आतून ते तेव्हा जुन्या घडणीचंच होतं, नोड वाढवायचे तर डेटा नव्या क्लस्टरवर (नोडच्या गटावर) हलायचा आणि तोवर फक्त वाचता यायचं, लिहिता नाही. स्टोरेज वेगळं करणारे आरए३ नोड थेट डिसेंबर २०१९ मध्ये आले.

२०१२ मध्येच ओरॅकलमधले बेन्वा दाजविल आणि तिएरी क्रुआन, सोबत अ‍ॅमस्टरडॅमच्या त्याच कॉलम-संशोधनातून आलेले मार्चिन झुकोव्स्की, या तिघांनी स्नोफ्लेक सुरू केली. डेटा एस३ वर, छोट्या छोट्या न बदलणाऱ्या फाइल्समध्ये, आणि क्वेरी चालवणारी मशीन्स हवी तेव्हा चालू, नको तेव्हा बंद. आता याचा फायदा आकड्यात बघा. त्यांच्याकडे एक्स्ट्रा स्मॉल साइजच्या मशीनला तासाला १ क्रेडिट (बिल मोजायचं एकक) लागतं, मीडियमला ४. एखादं काम एक्स्ट्रा स्मॉलवर ४ तास घेत असेल आणि नीट वाटलं जाणारं असेल तर मीडियमवर ते साधारण १ तासात होतं, दोन्हीकडे खर्च ४ क्रेडिट, पण रिपोर्ट तीन तास आधी हातात. फायनान्सला वेगळं मशीन, रात्रीच्या लोडिंगला वेगळं, डेटा एकच, कोणी कोणाला अडवत नाही. फाइल्स बदलत नाहीत म्हणून जुनी स्थिती परत बघता येते आणि अख्ख्या डेटाबेसचा क्लोन कॉपी न करता क्षणात मिळतो, टेस्टिंग करणाऱ्याला याची किंमत विचारा!

फक्त बिलाकडे लक्ष हवं. बिगक्वेरीत ऑन-डिमांड (वापराल तेवढे पैसे) वापरात स्कॅन झालेल्या डेटावर पैसे लागतात, त्यामुळे साध्या टेबलावर सिलेक्ट स्टार करून (म्हणजे सगळे कॉलम मागून) खाली लिमिट १० (दहाच ओळी दाखव) लिहिलं तरी पूर्ण टेबलाचंच बिल येतं. पूर्वी वाईट क्वेरी हळू चालायची, आता ती महाग पडते, आणि हे नव्या मुलांना पहिल्याच आठवड्यात सांगायला हवं असं मला मनापासून वाटतं.

आपल्याकडे २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टचं क्लाउड रीजन (डेटा सेंटर्सचा गट) पुण्यात आलं, २०१६ मध्ये अ‍ॅमेझॉनचं मुंबईत. एप्रिल २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने पेमेंटचा डेटा भारतातच ठेवायला सांगितला, तेव्हा इथे रीजन असणं ही पेमेंटचा डेटा हाताळणाऱ्या कंपन्यांसाठी सोय न राहता गरज झाली.

आता पुढची पायरी चालू आहे. नेटफ्लिक्समध्ये जन्मलेलं अपाचे आइसबर्ग घ्या, त्यात टेबलाचा फॉरमॅटच (फाइल्समध्ये टेबल कसं मांडायचं ती पद्धत) खुला आहे. फाइल्स तुमच्या स्वतःच्या बकेटमध्ये (क्लाउडवरच्या तुमच्या जागेत), आणि वाचायला स्नोफ्लेक, बिगक्वेरी, रेडशिफ्ट यातलं काहीही चालतं. म्हणजे स्टोरेज मशीनपासून तर सुटलंच होतं, आता ते व्हेंडरपासूनही सुटायला लागलंय. नवीन वेअरहाउस उभं करणाऱ्यांनी इंजिन ठरवण्याआधी हा फॉरमॅटचा निर्णय घ्यावा.