मद्य, मराठी साहित्यातील (बडोदे)

लेखकाचे स्वतःचे पिणे आणि त्याने रंगवलेले पिणे या दोन वेगळ्या बाबी होत. बडोद्यापुरता विचार मुख्यतः दुसरीचाच करावा लागतो. पहिलीविषयी ऐकीव आख्यायिकाच अधिक.

राम गणेश गडकरी (१८८५–१९१९) यांचा जन्म त्या वेळच्या बडोदे संस्थानातील नवसारीचा. त्यांच्या ‘एकच प्याला’ या नाटकाचे लेखन सामान्यतः १९१७च्या सुमाराचे मानतात. पहिला प्रयोग गंधर्व नाटक मंडळीने फेब्रुवारी १९१९मध्ये बडोद्यास केला. गडकरी त्याआधीच, २३ जानेवारीस, सावनेर येथे वारले होते. पदे वि. सी. गुर्जर यांची आहेत. ती सरसकट गडकऱ्यांच्या नावावर घातली जातात, ते बरोबर नाही.

नाटकातील अनर्थाचे मूळ कोणते, हा जुना वाद. मद्यपाननिषेधाचे नाटक ही रूढ ओळख. त्या मते सारा दोष प्याल्याचा. दुसऱ्या मते दोष नायक सुधाकराच्या मानी स्वभावाचा. भर कोर्टात खटका उडून त्याच्या वकिलीच्या सनदेवर गदा येते आणि त्या अपमानाचा विसर पडावा म्हणून दारुडा तळीराम पहिला प्याला पुढे करतो. प्याला हाती येण्यापूर्वीच माणूस आतून मोडलेला असल्याने हे दुसरे मत संहितेला अधिक धरून वाटते. शिवाय तळीरामाच्या ‘आर्य मदिरा मंडळा’च्या बैठकी नाटकात सर्वांत खुसखुशीत आहेत. उपदेशच करायचा असता, तर नाटककाराने इतका हशा दारुड्यांच्या पदरात टाकला नसता. याउलट सुधाकराची पत्नी सिंधू हिच्या वाट्याला जाते आणि दळण येते. भरजरी शालूंसाठी ख्यात असलेले बालगंधर्व या भूमिकेत ठिगळांचे लुगडे नेसून उभे राहत. विषयाला पूर्वपीठिकाही आहे : खाडिलकरांच्या ‘विद्याहरण’ (१९१३) नाटकात शुक्राचार्यांचे मद्यपान हाच कथेचा कणा.

याच्या नेमकी उलट वाट माधव ज्यूलियन (माधव त्र्यंबक पटवर्धन, १८९४–१९३९) यांची. जन्म बडोद्याचा, व्यासंग फार्सीचा. उमर खय्यामच्या रुबायांचा (चार ओळींच्या कवितांचा) मूळ फार्सीवरून केलेला त्यांचा अनुवाद १९२९चा. ‘द्राक्षकन्या’ (१९३१) मात्र फिट्सजेरल्डच्या इंग्रजी अनुवादावरून. खय्यामची मदिरा खरी की सुफी संकेत, हा प्रश्न फार्सीच्या अभ्यासकांतही वादाचाच. मराठीत मात्र साकी (मद्य भरून देणारी व्यक्ती) आणि प्याला हे काव्यसंकेत म्हणूनच रुजले. ते वापरायला कवीला पिणारा असावे लागत नाही.

बडोदे संस्थान १९४९मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाले आणि त्याच वर्षीचा मुंबई दारूबंदी कायदा येथे लागू झाला. १९६०नंतर गुजरातनेही तो चालू ठेवला. ‘तळीराम’ हे विशेषनाम मात्र मराठीत सामान्यनाम होऊन बसले असून ३१ डिसेंबरच्या नाकाबंदीच्या बातम्यांत ते हमखास आढळते.